बोटभर जास्त

ऐक ना, नुसतं ऐक. मध्ये 'मग पुढं काय झालं' करत बसू नकोस, कारण पुढं फारसं काही घडतच नाही यात. एक पाईप आहे, तळघरातला, बस. आपली गेझीना उलिग माहीत आहे ना, ट्राम कंपनीत वेळापत्रकं बनवते ती, कुठली गाडी कुठल्या थांब्यावर किती सेकंद उभी राहणार हे जिच्या बोटांवर असतं, तिच्या घरातला पाईप. जानेवारीत धुराडी-बॉयलर तपासणारी धुराडेवाली आली होती तिच्याकडे, ट्रोगरबाई, काळा डगला, सोनेरी बटणं, दरवर्षी येते तशी. बॉयलर तपासला, कागदावर आकडे लिहिले, गेझीनाने शकुनाला म्हणून तिच्या बटणाला बोट लावलं, दोघी हसल्या, आणि जाता जाता धुण्याच्या खोलीपाशी थांबून ट्रोगरबाईने डोक्यावरच्या पाईपला सहज तळहात लावला. लावला आणि काढलाच नाही. आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा ठेवून उभी राहिली. म्हणाली, "घर आता तुझ्या नावावर आहे ना?" "हो." "कधीपासून?" "चौदा मार्चला दोन वर्षं होतील." "मग हा उघडा चालायचा नाही. चौदा मार्चलाच येते बघायला. तोवर गुंडाळून घे." एवढंच. एवढ्याशा बोलण्यात काय आहे, सांग. पण गेझीना पाईपकडे बघतच राहिली. म्हणजे बघ, आपण वर्षानुवर्षं एका खुर्चीवर बसतो आणि एक दिवस कुणीतरी म्हणतं, ही खुर्ची इथं का आहे, तसं. हा पाईप उघडा का आहे? कित्येक वर्षं ती याच्याखालून येजा करत होती आणि तिला कधी हे विचारावंसंच वाटलं नव्हतं.

आणि चूक तिचीच होती, हे तिला जिन्यावरच कळलं. म्हाताऱ्या मालकाला आपल्याकडे कायदा हात लावत नाही, तो आपल्या घरात मरेपर्यंत उघडे पाईप घेऊन सुखाने राहू शकतो. घर नव्या नावावर गेलं की दोन वर्षांत थंड तळघरातला प्रत्येक गरम पाईप झाकलेला पाहिजे, ऊब वाया जाऊ नये म्हणून. आई, म्हणजे रोसविता, गेल्यावर गेझीनाच बापाच्या मागे लागली होती. बाबा, सगळे करतात, नंतर धावपळ नको, आत्ताच नावावर करून टाकू. सिगमार उलिग उठला. नोटरीकडे गेला, कानामागे पेन्सिल तशीच, नोटरीने तो अख्खा दस्त एका सुरात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला, चाळीस मिनिटं, आणि बाप प्रवचन ऐकावं तसा हात मांडीवर ठेवून ऐकत बसला, मग सही केली. घर तिच्या नावावर झालं आणि पाईप बेकायदा झाला. गंमत अशी की हा माणूस आयुष्यभर पाईपच गुंडाळत होता. तोच धंदा त्याचा. या शहराचं नाव वेगळं होतं, राज्य वेगळं होतं, तेव्हापासून. वीजघर, दवाखाने, सूतगिरण्या, त्या टेकडीवरून उतरणारे गरम पाण्याचे मोठे नळ, सगळ्यांना त्याने कपडे चढवलेले. आणि घरच्या तळघरात जाऊन बघ तू एकदा. बुचाच्या लाकडाच्या अर्धगोल फळ्या, तारेने आवळलेल्या, वर चुना, चुन्यावर जाळीचं कापड, त्यावर पांढरा तेलरंग. प्लास्टरमधल्या पायांसारखे ते पाईप छताखालून चाललेले, सांधा कुठं आहे ते नखाने शोधावं लागतं. मुलखात असं तळघर नाही. आणि त्यात हे चार मीटर, धुण्याच्या खोलीपासून मागच्या दारापर्यंत, नागडे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा. त्याचा कामावरचा जोडीदार लोटार दर वाढदिवसाला केक खाऊन झाला की म्हणायचा, "सगळं शहर गुंडाळलंस रे सिगमार, आणि स्वतःचाच पाईप उघडा. माल संपला का बायकोनं ओरडून वर बोलावलं?" सगळे हसायचे. बापही हसायचा. गेझीनाला लहानपणी त्याची फार लाज वाटायची, आपला बाप काम अर्धं टाकतो याची.

त्या दिवशी जेवताना, उकडलेले बटाटे होते, चक्का आणि जवसाचं तेल, तिने विषय काढला तर बाप म्हणाला, "हं. चार मीटर वीस. दोन कोपर, एक फाटा." पाईप आठवत होता त्याला, वळणांसकट, सेंटिमीटरसकट. कारण मात्र सांगितलं नाही. आता ऐक, त्याची छाती गेलेली आहे. कामातच गेली. तो पांढरा धागा माहीत आहे ना, अ‍ॅस्बेस्टॉस, तो तेव्हा कोणी विषारी मानतच नव्हतं. म्हणजे ज्यांना माहीत होतं ते बोलत नव्हते. पोत्यातून हाताने काढायचे, पाण्यात कालवायचे आणि पाईपवर थापायचे, आणि थापताना गाणी म्हणायचे. आता सिगमारला कोटाची बटणं लावली तरी धाप लागते. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलेलं, जिना नाही, धूळ नाही, तळघर तर नाहीच नाही. म्हणून गेझीनाने सरळ एका माणसाला फोन केला, तो म्हणाला, मंगळवारी येतो, अर्ध्या दिवसाचं काम. तिने फोन ठेवला आणि मागे बघते तर बाप दारात उभा. "कोण येतंय मंगळवारी?" "पाईपवाला." "कुणाच्या तळघरात?" तिने फोन जागेवर नीट सरकवला. "उलिगच्या तळघरात पाईपवाला येणार. लोटार असता तर हसून हसून मेला असता, आधीच मेला ते बरं झालं." आवाज चढवला नाही त्याने. चढवायला श्वासच नव्हता. पण तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. ते हात टेबलाच्या कडेवरून असे फिरत होते, अंगठा वरून, चार बोटं खालून, टेबलाची कड जणू गोल आहे आणि तो तिची जाडी मोजतोय. ते हात बघितले आणि तिने फोन उचलून मंगळवार रद्द केला. डॉक्टरीणबाईंना काही कळवलं नाही. आपण बापाला मारतोय की जगवतोय हे तिला त्या क्षणी खरंच सांगता आलं नसतं.

मग ठरलं असं की धूळ अजिबात नाही. काळ्या रबरी फोमच्या खोळी आणायच्या, त्या झडत नाहीत, कापताना कण उडत नाही. बापाने पहिली खोळ हातात घेऊन दाबली, वास घेतला, म्हणाला, "हे काय, सायकलच्या ट्यूबचा लठ्ठ काका?" पण दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर दहाला निळी डांगरी घालून तळघराच्या दारात हजर. रोज एकदाच उतरायचं, वीस मिनिटं काम, मग वर. पायऱ्या अकरा. गेझीनाने तेवढ्या दिवसांपुरती कामावर दुपारची पाळी मागून घेतली, आणि बघ कसं असतं माणसाचं डोकं, ती लगेच वेळापत्रक बांधायला लागली. पहिल्या दिवशी उतरायला दोन मिनिटं दहा सेकंद, चौथ्या पायरीवर एक थांबा, आठवीवर दुसरा. चढायला साडेपाच मिनिटं. तो थांबला की ती श्वास रोखून उभी राहायची आणि तो चालू लागला की हिचा श्वास सुटायचा. दोघांत मिळून एकच छाती असल्यासारखं.

आणि या अकरा पायऱ्या, सांगतो तुला, या तिच्या फार जुन्या ओळखीच्या. लहानपणी संध्याकाळी चार वाजून चाळीस मिनिटांनी बाप कामावरून यायचा. समोरच्या दाराने कधीच नाही. अंगणातून मागच्या दाराने थेट तळघरात. ती धावत तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची. खाली पाण्याचा आवाज. बादलीचा आवाज. परत पाण्याचा. पाव तास, वीस मिनिटं. तिला खाली पाऊल टाकायची बंदी होती. एकदा, पाच वर्षांची असेल, न राहवून ती दोन पायऱ्या उतरली तर खालून असा आवाज आला की ती जागच्या जागी मुतली. बाप ओरडला असा तो एकदाच. मग तो वर यायचा, केस ओले, अंगाला साबणाचा वास, मान घासून घासून लाल झालेली, आणि अकराव्या पायरीवर, त्याच्या आधी नाही, हात पसरायचा. तोवर तिची मिठी शिळी झालेली असायची. कळतंय का मी काय म्हणतो ते? पलीकडच्या गल्लीत लोटार यायचा तो सरळ फाटकातून, अंगावर पांढरी भुकटी पिठासारखी, आणि त्याची पोर बिर्गिट धावत जाऊन त्याच्या पोटाला चिकटायची, तो तिला उचलून गरगर फिरवायचा, आणि दोघांच्या अंगावरून ती भुकटी उन्हात चमचमत उडायची. बिर्गिट तिला साखर म्हणायची. गेझीना कुंपणाशी उभी राहून बघायची. बाप असावा तर असा, असं तिला वाटायचं. आणखी एक. घरात कपडे धुवायची आई, पण बापाची डांगरी आई नाही धुवायची. ती बापच धुवायचा, खाली, एकटा, हाताने. गल्लीतल्या बायकांत चेष्टा होती, उलिगीण नवऱ्याला परटीण करून ठेवते म्हणून. आई मान खाली घालून हसायची. आपला बाप आपल्याला वीस मिनिटं शिक्षा म्हणून उभं करतो, त्याला साबण आपल्यापेक्षा प्रिय आहे, हे गेझीनाने कधीतरी सातव्या-आठव्या वर्षी मनाशी ठरवून टाकलं होतं आणि मग ते तिथंच पडून राहिलं, तळघरात जुनं सामान पडून राहतं तसं.

आता ती त्याच तळघरात लाकडी खोक्याशेजारी उभी राहून बापाला काम करताना पहिल्यांदा बघत होती. पहिल्यांदा, काय समजलास. सत्तेचाळिसाव्या वर्षी. त्याने लाकडी घडीची पट्टी उघडली, एक एक कांडं खट खट करत. पेन्सिल जिभेला लावली. सुरी साबणाच्या पाण्यात बुडवली, ओली सुरी रबर फाडत नाही, पाण्यावरून बदक जावं तशी जाते. आणि कोपर. अरे, तो कोपर मी तुला कसा सांगू. तिला वाटलं होतं, वळणाला काहीतरी वेगळा तुकडा लागत असेल, साचा वगैरे. त्याने सरळ खोळ घेतली, तिच्यावर एकच तिरपा काप दिला, अर्ध्या काटकोनात, मग कापलेला एक भाग जागच्या जागी अर्धा वळसा फिरवला आणि परत चिकटवला. झाला काटकोन. सरळ होतं ते वळलं, कुठं काही जास्त नाही, कमी नाही. गेझीना त्याच्या हाताकडे बघतच राहिली. तिला लहानपणी जादूगाराने कानातून नाणं काढलं होतं तेव्हा झालं होतं तसं झालं. "परत करा," ती म्हणाली. बापाने भुवई वर केली. "हा काय तमाशा आहे?" पण दुसऱ्या कोपराच्या वेळी मुद्दाम सावकाश केलं त्याने, तिला दिसेल असं वळून. आणि शेवटी सुरी पुढं केली. तिने फाट्याचा तुकडा कापला, पट्टी लावून, अगदी बरोबर मापाने. बाप म्हणाला, "कमी आहे." "बरोबर आहे, बाबा, एकोणतीस सेंटिमीटर, मोजा." "म्हणूनच कमी आहे. बोटभर जास्त कापायचा. जागेपेक्षा लांब. आणि दाबून बसवायचा. मापात कापलेला ताणून बसवावा लागतो, आणि ताणलेला..." इथं त्याचा श्वास संपला. त्याने हाताने थांब म्हणून खूण केली, खोक्यावर बसला, आठ-दहा श्वास घेतले, आणि वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच उचललं. "...ताणलेला पहिल्या हिवाळ्यात फाकतो." तिचा तुकडा त्याने कचऱ्यात टाकला. तिला राग यायला हवा होता. उलट तिला इतकं बरं वाटलं की काय सांगू. कोणीतरी आपलं काम नीट बघून वाईट म्हटलं, किती वर्षांनी.

सातव्या दिवशी मागच्या दाराजवळचा भाग आला. तिथं पाईपवर एकाशेजारी एक अशा पाच-सहा बारीक गोल रेघा होत्या, रंग झिजून लोखंड उघडं पडलेलं, चकचकीत, अंगठीचा वळ बोटावर राहतो तशा. गेझीनाने बोट फिरवलं. "हे काय झालंय?" बाप खोळीला चीर देत होता. मान वर न करता म्हणाला, "हँगर." "कसले हँगर?" "डांगरीचे. दुसरीकडं कुठं वाळत घालणार होतो? वर अंगणात, तुमच्या चादरींच्या शेजारी?" आणि मग त्याने सांगितलं, पण कसं, एका श्वासाला एक वाक्य, मध्ये विश्रांती, तिला वाटलं कोणी एकेक वीट खाली उतरवून देतंय. नोकरीला लागल्यावर त्याचा पहिला मुकादम दवाखान्यात होता, शेवटच्याला. सिगमार भेटायला गेला, सोबत सफरचंदं घेऊन. तो मुकादम म्हणाला, माझं सोड, पण हे घरी नेऊ नकोस. अंगावर, केसांत, कपड्यांत, काहीच नेऊ नकोस, बायकोला हात लावू देऊ नकोस. बस, एवढंच म्हणाला. नोकरी सोडता येत नव्हती, तेव्हा आपल्या मनाने नोकरी कोण सोडू शकत होतं. मग सिगमारने मागचं दार धरलं. तळघरात धुणं धरलं. आणि हा पाईप, जो तो खरं तर पहिल्याच दिवशी गुंडाळणार होता, माल आणून ठेवलेला होता, तो उघडा ठेवला. कारण रात्रीतून डांगरी वाळायला ऊब पाहिजे. "उघड्या पाईपवर सकाळपर्यंत खडखडीत वाळायची," तो म्हणाला. "गुंडाळला असता तर वर न्यावी लागली असती." गेझीनाने विचारलं, "लोटारला सांगितलं नाहीत?" बापाने सुरी बादलीच्या कडेवर ठेवली. "एकदा सांगितलं. तो म्हणाला, तू परटीण हो, मला माझी बायको आहे. त्याची इंगे त्याचे कपडे अंगणात काठीने झटकायची." त्याने बोटांवरचं साबणाचं पाणी डांगरीला पुसलं. "दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं. लोक हसले तर माणूस दुसऱ्यांदा सांगत नाही." इंगे बावन्नाव्या वर्षी छातीनेच गेली. बिर्गिटला आता स्वतःची छाती दर सहा महिन्यांनी तपासून घ्यावी लागते, हे गेझीनाला माहीत होतं, पण त्यांच्या घरात आणि आपल्या घरात या एका उघड्या पाईपचा फरक आहे हे माहीत नव्हतं. तिची आई सत्त्याहत्तर वर्षं जगली, झोपेत हृदय थांबलं, छाती काचेसारखी स्वच्छ. आणि गेझीना स्वतः तिथं उभी राहून श्वास घेत होती, आत, बाहेर, आत, बाहेर, फुकटात. तिला एकदम त्या वीस मिनिटांचा हिशोब आठवला. चार चाळीस ते पाच. रोजची वीस मिनिटं, सव्वीस वर्षं, दमून आलेला माणूस थंड पाण्यात मान घासतोय, आणि वर जिन्याच्या तोंडाशी एक पोर मनात म्हणतेय, याला मी आवडत नाही. तिला काहीतरी बोलायचं होतं. ती म्हणाली, "साबण संपत आलाय बादलीतला." तो म्हणाला, "घाल की मग."

नवव्या दिवशी एक वीत उरली. नेमकी त्या रेघांवरची. बापाने शेवटचा तुकडा कापला, बोटभर जास्त, आतल्या अंगाला पेन्सिलने बाण काढला, कुठलं टोक कुठं, आणि उभा राहायला गेला तर पाय उचलेना. ओठ जांभळे. "उद्या," तो म्हणाला आणि तुकडा खोक्यावर ठेवला. तो उद्या आलाच नाही. पहाटे अँब्युलन्स, अकरा दिवस दवाखाना. गेझीनाने त्या अकरा दिवसांत स्वतःला काय काय म्हणून घेतलं ते मी सांगत नाही. मग तो घरी आला, बरोबर एक यंत्र, गुरगुरणारं, आणि त्यातून निघणारी लांब पारदर्शक नळी, तिचं टोक नाकात. नळी स्वयंपाकघरापर्यंत पुरते, संडासापर्यंत पुरते, तळघराच्या दारापर्यंत पुरते. तिथं संपते. डॉक्टरीणबाई गेझीनाला बाजूला घेऊन म्हणाल्या, फार आशा ठेवू नका, अशी माणसं घरी आली की खुर्चीत बसतात आणि मग उठत नाहीत. पण पहिल्याच सकाळी कॉफीचा घोट घेऊन बापाने विचारलं, "बसवलास?" "नाही." "बरं केलंस. तिरपा बसवला असतास." आणि उठला. दारापर्यंत गेला, नळी ताणली गेली, तिथं उभा राहून अकरा पायऱ्यांकडे बघितलं आणि परत आला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दारात उभा राहून त्याने नाकातली नळी काढली, पन्नासपर्यंत आकडे मोजले, परत घातली. चौथ्या दिवशी ऐंशी. "बसवलास?" "नाही." रोजचा हा प्रश्न आणि रोजचं हे उत्तर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे काय, हा माणूस सुधारतोय, काय खायला घालता? गेझीना म्हणाली, बटाटे. तिला नीट कळत होतं काय चाललंय ते. खाली खोक्यावर वीतभर तुकडा पडलाय आणि तो याला खुर्चीतून उठवतोय. बसवायला अर्धं मिनिट लागेल. दोन्ही टोकं लावायची, मधे दाबायचं, झालं. आणि मग उद्या सकाळी तो विचारेल, बसवलास? आणि ती म्हणेल, हो. मग परवा तो काय विचारणार?

पण दुसरी बाजूही होतीच ना. एकदा नळी काढून तो खरंच उतरला आणि सहाव्या पायरीवर थांबला तर? आणि बापाने अख्ख्या जन्मात एकच काम अर्धं सोडलं, तेही मुद्दाम. आता तेच त्याचं राहिलेलं काम म्हणून त्याच्या मागे राहावं, हे तिला खपत नव्हतं. ती रोज कपडे धुवायला खाली जायची, तो काळा तुकडा हातात घ्यायची, बाण बघायची, परत ठेवायची. तळघर आता गार पडलं होतं. चार मीटर ऊब आत कोंडलेली, फक्त त्या वितीतून बाहेर येत होती. ती तिथं तळहात लावून उभी राहायची, ट्रोगरबाईसारखी.

चौदा मार्च उजाडला. ट्रोगरबाई दहाला पाच कमी असताना आली, पाय पुसले, वर बापाला हाक मारली, "काय उलिगकाका, कसं काय?" "आहे अजून," आतून आवाज आला, "तुमचा पाईप बघायला थांबलोय." त्या दोघी खाली उतरल्या. ट्रोगरबाईने मान वर करून चालायला सुरुवात केली, कोपरापाशी थांबली, सांध्यावरून नख फिरवलं, काही लागलं नाही, दुसऱ्या कोपरापाशी थांबली, हळूच शीळ घातली. "कुणी केलं?" "बाबांनी." "त्या छातीने?" गेझीना पुढं चालू लागली. मग ती वीत आली. ट्रोगरबाईने उघडा पाईप बघितला, रेघा बघितल्या, खोक्यावरचा तुकडा बघितला, त्यावरचा बाण बघितला. तिचा बापही वीजघरात होता म्हणे. तिने खिशातून कागद काढला. "माझ्याकडे दोनच चौकोन आहेत, गेझीना. गुंडाळलाय आणि नाही. तिसरा नाही." मग कागद परत खिशात घातला. "मी छपरावर जाऊन धुराडं बघते. वीस मिनिटं लागतील. खाली आले की जे दिसेल ते लिहीन." आणि मागच्या दाराने अंगणात निघून गेली, तिची शिडी भिंतीला लागल्याचा आवाज आला.

वीस मिनिटं. गेझीनाने तुकडा उचलला. रबर थंड होतं, दोन्ही कडा एकदम सरळ. तिने एक टोक पाईपला लावूनही बघितलं. बोटभर जास्त होतं, अगदी बोटभर. आता फक्त दाबायचं. आणि तेवढ्यात वर यंत्राची गुरगुर होती ती एकटी पडल्यासारखी ऐकू आली, म्हणजे नळीतून कोणी श्वास घेत नसल्यावर येते तशी, मोकळी. मग पहिल्या पायरीवर सपाता. ती जिन्याच्या पायथ्याशी आली. वर, उजेडात, बाप उभा होता, निळ्या डांगरीत, कानामागे पेन्सिल, नाक मोकळं. दुसरी पायरी. तिचा पाय आपोआप उचलला गेला, वर धावायला, त्याला धरायला, परत न्यायला. "तिथंच थांब," तो म्हणाला. ओरडून नाही, तेवढा वारा नव्हता त्याच्यात, पण तोच आवाज होता, पाच वर्षांच्या पोरीला जागच्या जागी खिळवणारा. ती थांबली. तिसरी. चौथीवर त्याचा नेहमीचा थांबा. कठड्यावर हात, मान खाली, छाती भात्यासारखी. तिने मागे जाऊन तुकडा खोक्यावर ठेवला, बाण वर करून. खोकं पाईपखाली सरकवलं, त्याला बसता येईल असं. बादलीत गरम पाणी घेतलं, साबण घातला. परत येऊन जिन्याखाली उभी राहिली, हात खिशात घालून, घट्ट मुठी करून. लहानपणी रोज ती वर उभी राहून तो येण्याची वाट बघायची आणि आता पहिल्यांदाच खाली उभी राहून बघत होती, एवढाच काय तो फरक. पाचवी. सहावीवर तो थांबला. इथं त्याचा थांबा नव्हता. एक मिनिट झालं. दीड झालं. छपरावर ट्रोगरबाईच्या बुटांचा आवाज येत होता. बापाने मान वर केली, ओठांचा रंग तिला खालून नीट दिसत नव्हता, आणि म्हणाला, "बसवला नाहीस ना?"

"नाही," ती म्हणाली.

आणि त्याने सातव्या पायरीसाठी पाय उचलला.

आता तू सांग. तू असतास तिथं, खाली, हात खिशात घालून, आणि बाप तुझा असता, तर तू काय केलं असतंस?